रिअर-व्हील ड्राइव्ह सेडान ‘मागून हलते’ तेव्हा: मुंबईतल्या नव्या मालकासाठी

सिटी, व्हर्ना किंवा ऑक्टाव्हियासारख्या पुढच्या चाकांना जोर मिळणाऱ्या (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) गाडीवर हात बसलेला माणूस मागच्या चाकांना जोर मिळणारी (रिअर-व्हील ड्राइव्ह) सेकंड हँड बीएमडब्ल्यू ३ सिरीज, मर्सिडीज सी क्लास किंवा जॅग्वार एक्सई घेतो आणि पहिल्या पावसाळ्यात त्याची एकच तक्रार सुरू होते: "गाडी मागून हलते." ओळखीतला कोणीतरी लगेच समजूत घालतो, "रिअर-व्हील ड्राइव्ह आहे, हलणारच." या उत्तरावर समाधान मानू नका. धडधाकट रिअर-व्हील ड्राइव्ह सेडान सरळ रस्त्यावर हलत नाही. हलत असेल तर बहुतेक वेळा टायर, अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) यांत खोट असते. ती निस्तरल्यावर जे उरतं, ते आपल्या उजव्या पायाचं. म्हणून आधी गाडी, मग पाय, हा क्रम पाळा. उलट केलंत तर झिजलेल्या टायरवर ड्रायव्हिंग शिकायला जाल आणि चुकीचंच शिकाल.

मुंबईला मागच्या चाकांची गाडी नवी नाही. ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर असलेली काळी-पिवळी पद्मिनी रिअर-व्हील ड्राइव्हच होती, ॲम्बेसेडर आणि ओम्नीही तशाच. पण पद्मिनीच्या इंजिनाची ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. आजच्या ३ सिरीजमधल्या डिझेल ३२०डीचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४०० न्यूटन मीटर, तोही १,७५० आरपीएमलाच हजर. म्हणजे सिग्नल सुटल्यावर पाय जरा जड पडला की सगळा जोर मागच्या दोन टायरवर येतो. पद्मिनीवाल्या काकांचा "आम्ही काय चालवल्या नाहीत का?" हा सवाल रास्त आहे, फक्त या गाडीला तो लागू नाही.

तक्रार नेमकी कुठली?

"मागून हलते" या एका वाक्यात तीन निरनिराळे आजार लपलेले असतात.

पहिला: ॲक्सिलरेटर एकसारखा धरलाय, रस्ता सरळ आहे, तरी स्टीअरिंग बारीक बारीक डावी-उजवीकडे ओढलं जातं. बेस्टच्या थांब्यांजवळ डांबर दबून लांबट खोलगट पट्टे पडतात, तिथे हे जास्त जाणवतं. ही खरं तर पुढच्या टायरची तक्रार आहे. रुंद, कडक कडांचे टायर रस्त्यातल्या चाकोऱ्यांच्या मागे धावतात. याला गाडी बिघडली असं म्हणता येत नाही. हवा आणि टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) नीट केले की हे बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही.

दुसरा: पुलाचा सांधा किंवा उंचवटा ओलांडला की मागचा भाग एक झोका जास्तीचा घेतो, किंवा वळणात सांधा आला की गाडी चार बोटं बाजूला सरकल्यासारखी वाटते. इथे संशयित म्हणजे शॉकअप, बुश आणि मागच्या चाकांचा टो.

तिसरा: ॲक्सिलरेटर दाबला, किंवा एकदम सोडला, की मागचा भाग बाजूला जातो. इथे टायर आणि ड्रायव्हर दोघेही आरोपी.

आपला आजार कुठला हे ठरवायला रविवारी पहाटे, कोरड्या रस्त्यावर, ईस्टर्न फ्रीवेसारख्या ओळखीच्या सरळ पट्ट्यावर वेगमर्यादेत गाडी न्या. निघण्याआधी थंड टायरमधली हवा मोजून लिहून ठेवा. रेडिओ आणि फोन बंद. आधी पाय एकसारखा धरून चालवा, मग पाय हळूच सोडा, हळूच दाबा, शेवटी हलका ब्रेक लावा. मागे-पुढे गाडी नसेल तेव्हाच. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी काय झालं ते टिपायचं. स्टीअरिंगवरचे हात मात्र काढायचे नाहीत. यूट्यूबवर काढतात, तुम्ही काढू नका. मेकॅनिकला "गाडी हलते" सांगण्यापेक्षा "ऐंशीला पाय सोडला की उजवीकडे जाते, दाबला की परत येते" असं सांगितलंत तर तो निम्मा शोध तिथेच संपवेल. पाय सोडल्या-दाबल्यावर गाडीची दिशा बदलणं ही मागच्या बुशची जुनी खूण आहे.

टायर: इथे कंजूषी नको

हवेपासून सुरू करा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढचे आणि मागचे आकडे बहुतेक वेळा वेगळे असतात, शिवाय भरलेल्या गाडीचे निराळे. पंक्चरवाला चारही चाकांना सरसकट "पस्तीस मारतो" म्हणतो. हॅचबॅकला ते चालून जातं. पण जिथे पुढच्या आणि मागच्या चाकांचा तोल कंपनीने एक-दोन पीएसआयच्या फरकाने बसवलेला असतो, तिथे त्या सरसकटपणामुळे गाडीचा स्वभावच बदलतो. स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. दादर ते ठाणे चालवून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसणारच, ते बघून हवा काढू नका.

हवेचा पावसाशी थेट संबंध आहे. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून एक ठोकताळा काढला: पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या हिशोबाने ३२ पीएसआयला तो वेग ताशी ९४ किमीच्या आसपास येतो आणि २५ पीएसआयला ८३. नक्षी शाबूत असेल तर टायर याहून थोडं जास्त सहन करतो, गुळगुळीत झालेला रुंद टायर कमी. म्हणजे कित्येक महिने हवा न बघितलेल्या गाडीने पाणी साचलेल्या हायवेवर आपली सुरक्षित मर्यादा दहाएक किलोमीटरने खाली आणून ठेवलेली असते, आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ता नसतो.

आता नक्षी. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. ती कायद्यासाठी, मुंबईच्या जूनसाठी माझी मर्यादा ३ मिलिमीटर. त्याखाली मागचे टायर असतील तर पावसाळ्याआधी बदला. नुसतं बाहेरून बघून मात्र कळणार नाही. या गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते. बाहेरून टायर टवटवीत दिसतो आणि आतल्या दोन इंचांवर कधी कधी तारा दिसू लागलेल्या असतात. गाडी बंद करून हँडब्रेक लावा, फोनचा फ्लॅश चालू करून हात चाकाच्या मागे घाला, टायरच्या आतल्या कडेचा फोटो घ्या. मग तळहात टायरवरून आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर टो बिघडलाय, अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधीच निकाल लागला.

टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंड हँड लक्झरी गाड्यांत हा सापळा फार. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिलेली, किलोमीटर कमी, नक्षी भरपूर, विकणारा अभिमानाने सांगतो, "टायर ऐंशी टक्के आहेत." रबर मात्र सात वर्षांचं, नख रुतत नाही इतकं कडक. कोरड्यात निभावतं, ओल्यात नाही. सहा वर्षांपुढचे टायर गाडीच्या किमतीतून वजा करूनच सौदा करा.

बदलताना तीन गोष्टी. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. जमलं तर चारही. बऱ्याच स्पोर्ट व्हेरियंटमध्ये पुढे २२५/४५ आर१८ आणि मागे २५५/४० आर१८ अशी जोडी असते, तिथे पुढचे-मागचे फिरवता येत नाहीत. मागचे जोर लावून लवकर झिजतात, मग पुढे चांगली नक्षी आणि मागे टक्कल, म्हणजे नेमकी नको ती अवस्था. जुन्या गाडीच्या सवयीने "नवे टायर पुढे टाका" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. खरं तर जास्त नक्षीचे टायर कुठल्याही गाडीत मागेच हवेत, कारण पुढची चाकं घसरली तर स्टीअरिंगवरून लगेच कळतं, मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. शिवाय मागचा टायर पुढच्याहून रुंद असतो, तेव्हा पुढच्याने पाणी बाजूला सारलेल्या वाटेबाहेर त्याच्या कडा पडतात आणि तिथलं पाणी त्यालाच उपसावं लागतं.

तिसरी गोष्ट रनफ्लॅटची, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर धावणाऱ्या टायरची. कडेला कडक असल्याने ते चाकोऱ्यांमागे जास्त धावतात आणि खड्ड्यात ठणठणतात. साधे टायर टाकले की अनेक गाड्या निवळतात, हे खरं. पण दोन रनफ्लॅट आणि दोन साधे अशी खिचडी करू नका. आणि अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते हे लक्षात ठेवून कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट डिकीत ठेवा. रात्री अकराला घोडबंदर रोडवर ते आठवून उपयोग नाही.

अलाइनमेंट चारही चाकांचं

नाक्यावरच्या दुकानातला हा संवाद तुम्हीही ऐकाल.

"दादा, मागचं पण बघायचंय."

"साहेब, मागचं काय होत नाय. पुढचंच सेट करायचं असतं."

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या हॅचबॅकबद्दल तो बरोबर बोलतोय. तिथे मागे फिरवण्यासारखं सहसा काही नसतं. तुमच्या गाडीला मागे मल्टीलिंक (प्रत्येक चाकाला वेगळे अनेक दांडे) आहे, मागचा टो आणि बहुधा कॅम्बरही (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) बोल्टने बदलता येतो, आणि जोर याच चाकांतून जातो. मागची दोन्ही चाकं मिळून अर्धा अंश जरी एका बाजूला बघत असली तरी गाडी तिरकी धावते, मग ड्रायव्हर नकळत स्टीअरिंग वाकडं धरून ती सरळ नेत राहतो. पुढचं कितीही सेट केलं तरी हा दोष जात नाही, फक्त लपतो.

क्रम असा मागा: आधी टायरची हवा स्टिकरप्रमाणे, मग बुश आणि बॉल जॉइंटची तपासणी, मग मागची चाकं, शेवटी स्टीअरिंग लॉक करून पुढची. बुश गेलेला असताना अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. पहिल्या खड्ड्यात आकडे बदलतील. आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही प्रिंटआउट घ्या. त्यात मागच्या टोचे डावे-उजवे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत ना आणि थ्रस्ट अँगल (मागची चाकं मिळून बघतात त्या दिशेचा गाडीच्या मध्यरेषेशी कोन) शून्यालगत आहे ना, एवढं बघा. सगळे चौकोन हिरवे असूनही डाव्या मागच्या चाकाचा टो मर्यादेच्या एका टोकाला आणि उजव्याचा दुसऱ्या टोकाला असू शकतो. यंत्र म्हणतं पास, गाडी रस्त्यावर म्हणते नापास. ऑपरेटरला दोन्ही बाजू मध्यावर आणायला सांगा. तो कुरकुरेल, पण वीस मिनिटांचं काम आहे.

स्टीअरिंगचा मध्य बदलला असेल तर स्टीअरिंग अँगल सेन्सर स्कॅनर लावून कॅलिब्रेट करून घ्या. तो चुकला तर गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही वळताय, आणि सरळ रस्त्यावर स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप एखाद्या चाकाचा ब्रेक लावणारी यंत्रणा) मध्येच चिमटा काढतो. "अधूनमधून कोणीतरी ब्रेक धरतंय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचं दुखणं एवढंच असतं.

बुश आणि शॉकअपबद्दल थोडक्यात. नव्वद-शंभरच्या वेगात ब्रेक लावल्यावर स्टीअरिंग थरथरत असेल तर डिस्क बदलण्याआधी पुढच्या लोअर आर्मचे बुश बघा. ३ सिरीजमध्ये त्यांतले काही तेल भरलेले असतात आणि फाटले की बुशभोवती काळा ओघळ दिसतो. गाडी निघताना किंवा गिअर बदलताना मागून "ठक्" येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचं (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याचं) रबर कपलिंग आणि डिफरन्शियलचे (तो जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या पेटीचे) बुश बघा. शॉकअपवर तेलाचा थर म्हणजे तो संपला. बॉनेट दाबून गाडी डोलवण्याच्या परीक्षेवर विसंबू नका, गळणारा शॉकअपही ती पास होतो. आणि या सगळ्यावर उपाय म्हणून लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) किंवा स्पेसर (चाकं बाहेर सरकवणारे) टाकायचा सल्ला मिळेल. आपल्या रस्त्यांवर तो सरळ नाकारा.

आता पायाची गोष्ट

टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. वळण्यावर खर्च झाली की वेग वाढवायला किंवा कमी करायला तेवढी कमीच उरते. फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे टायर दोन्ही कामं करतात. जास्त मागितलं की गाडीचं नाक वळणाच्या बाहेर जातं, घाबरून पाय सोडला की सहसा नाक परत आत येतं. भीतीच तिथे बरोबर उपाय करते. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये वळणात जास्त जोर दिला की मागचे टायर बाजूची पकड सोडतात आणि शेपूट बाहेर येतं. त्या क्षणी घाबरून पाय झटक्यात काढला तर गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं आणखी हलकी होतात, शेपूट आणखी सुटतं. जुन्या गाडीने लावलेली सवय इथे नेमकी उलटी पडते.

सवय बदलायची तर ती रोजच्या जागी बदला.

सिग्नल आणि यू-टर्न ही मुंबईतली सगळ्यात धोक्याची जागा, एक्सप्रेसवे नव्हे. स्टीअरिंग पूर्ण वळलेलं, समोरून येणाऱ्या रिक्षाच्या आत घुसायची घाई, खाली झेब्रा क्रॉसिंगचा ओला पांढरा रंग, आणि टर्बो अर्धा सेकंद उशिरा जागा होतो म्हणून पाय गरजेपेक्षा जास्त दाबलेला. मग टॉर्क एकदम येतो आणि शेपूट डिव्हायडरकडे. नियम एकच: स्टीअरिंग जेवढं वळलेलं, तेवढा पाय हलका, स्टीअरिंग सरळ होत जाईल तसा पाय वाढवा. रिक्षाला जाऊ द्या. पावसात गाडी कम्फर्ट किंवा इको मोडमध्ये ठेवा, ॲक्सिलरेटर सौम्य होतो.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत. वळणात शिरताना वेग असा हवा की ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवून पार होता येईल. तो हलका पाय वेगासाठी नसतो. मागची चाकं जमिनीवर दाबून ठेवण्यासाठी असतो. जेजे फ्लायओव्हरच्या वळणांवर हे मुद्दाम करून बघा. तिथे वळणातच सांधे येतात. पाय एकसारखा असेल तर गाडी त्यांवरून शांत जाते, सांध्यावरच पाय सोडला तर मागे हलका झटका जाणवतो. फरक इतका स्पष्ट असतो की वेगळं शिकवावं लागत नाही.

पॅडल शिफ्टवाल्यांसाठी (स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणाऱ्यांसाठी): इंजिन ब्रेकिंग या गाडीत फक्त मागच्या चाकांना लागतं. ओल्या घाटात, वळणाच्या मधोमध, स्पोर्ट मोडमध्ये एकदम खालचा गिअर टाकणं म्हणजे हँडब्रेक हलकासा ओढण्यासारखंच. खंडाळ्याच्या उताराला गिअर आधीच उतरवा, सरळ पट्ट्यावर, एकेक करून.

चढाबद्दल गंमत आहे. पेडर रोडचा चढ किंवा पार्किंगचा रॅम्प पुढे तोंड करून चढताना भार मागे जातो, म्हणजे ही गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्हपेक्षा सहज चढते. पण बेसमेंटचा गुळगुळीत ओला रॅम्प रिव्हर्समध्ये चढायला लागलात की तोच भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची जागच्या जागी फिरतात. जागा असेल तर खालीच वळवून तोंड वर करून निघा. कोपऱ्यातून तिरकं चढतानाही तेच, एक मागचं चाक हलकं पडतं आणि साधा डिफरन्शियल सगळा जोर त्याच्याकडेच उधळतो. अशा वेळी रेस वाढवू नका; पाय सोडा, थोडं मागे घ्या, सरळ रेषेत पुन्हा चढा.

पाऊस आणि मुंबईच्या जागा

पहिल्या सरी सगळ्यात वाईट. आठ महिने रस्त्यात मुरलेलं तेल आणि रबराची भुकटी वर येते आणि साबणासारखा थर होतो. बाईकवाले त्याच दिवशी जास्त पडतात. सलग दोन-तीन दिवस धुवांधार कोसळल्यावर रस्ता उलट बरा होतो, मग चिंता साचलेल्या पाण्याची. जूनच्या पहिल्या आठवड्यात बस थांबे, सिग्नलच्या रेषा आणि पेट्रोल पंपाची तोंडं यांवरून पाय हलका ठेवूनच जा.

मेट्रोच्या आणि गटाराच्या कामांवर टाकलेल्या लोखंडी प्लेटांवर पकड जवळजवळ नसते. त्यांवर वळू नका, ब्रेक नको, ॲक्सिलरेटर नको. आधी वेग कमी करून सरळ पार व्हा. पेव्हर ब्लॉकही असेच. त्यात डावी चाकं ब्लॉकवर आणि उजवी काँक्रीटवर असतील तर दोन्ही बाजूंची पकड निराळी. तिथे जोरात निघालात की गाडी तिरकी होते.

कोस्टल रोडचा मलबार हिलखालचा बोगदा मला या गाड्यांच्या दृष्टीने खास वाटतो. आत रस्ता बऱ्यापैकी कोरडा, गाडी शांत, वेग सहज वर सरकतो, आणि बाहेर पडताच धो धो पाऊस. कोरड्या पकडीवर ठरवलेला वेग ओल्यावर एका क्षणात जास्त होतो. बोगद्याचं तोंड दिसायच्या आधीच पाच-दहा किलोमीटर कमी करा आणि बाहेर पडताना पाय एकसारखा ठेवा. हाजी अलीच्या गोल रॅम्पवरही तेच. वळण लांब आहे, मध्येच घट्ट होतंय असं वाटतं आणि माणूस घाबरून पाय काढतो. आधीच हळू शिरा.

मुसळधार पावसात क्रूझ कंट्रोल बंद. साचलेल्या पाण्यावर चाकं तरंगली की स्टीअरिंग अचानक हलकं होतं. अशा वेळी ते सरळ धरा, पाय हळूहळू सोडा, ब्रेक नको. टायर जमिनीला लागले की पकड परत येते. आणि मिलन सबवेत पाणी भरलं असेल तर शिरूच नका. इंजिनात पाणी जाण्याची भीती सगळ्यांना असते, पण इथे मागचा गरम डिफरन्शियल पाण्यात बुडून थंड होताना ब्रीदरमधून (हवेच्या बारीक नळीतून) पाणी आत ओढून घेऊ शकतो. नाइलाजाने शिरलाच असाल तर नंतर डिफरन्शियलचं ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

पिवळा त्रिकोण

डॅशबोर्डवर गोल बाणातला त्रिकोण (बऱ्याच नव्या गाड्यांत घसरणाऱ्या गाडीचं चित्र) लुकलुकला म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल आत्ता काम करतोय, तुम्ही मर्यादेला स्पर्श केलाय. हा फुकट मिळणारा शिक्षक आहे. कुठल्या वळणावर, पायाच्या कुठल्या हालचालीला तो लुकलुकला हे लक्षात ठेवा. रोजच्या रस्त्यावर तो वरचेवर दिसत असेल तर टायरकडे किंवा पायाकडे परत जा. तो सतत पेटलेला असेल तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे.

बीएमडब्ल्यूमध्ये या यंत्रणेचं बटण नुसतं दाबलं की यंत्रणा सैल होते, काही सेकंद दाबून ठेवलं की बंद होते. अनेक मॉडेलमध्ये स्पोर्ट प्लस मोडही ती गुपचूप सैल करतो. पावसात स्पोर्ट प्लस नको ते यासाठी. आणि ही यंत्रणा टायरमध्ये नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. गुळगुळीत टायरवर ती फक्त उशिरा चुकते.

शेपूट सुटलंच तर

जिकडे जायचंय तिकडे बघा. डिव्हायडरकडे बघितलंत तर हात तिकडेच नेतील. नजर गेली की स्टीअरिंग त्याच दिशेला वळवा, म्हणजे मागचा भाग ज्या बाजूला गेलाय त्याच बाजूला, आणि पटकन. पाय हळू पण निश्चित कमी करा, झटक्यात काढू नका. ब्रेक नको. गाडी सावरू लागली की स्टीअरिंग तितक्याच वेगाने सरळ करा. इथे बहुतेक जण चुकतात. पहिला झोला सावरतात, स्टीअरिंग तसंच धरून ठेवतात, आणि गाडी उलट बाजूला दुप्पट जोराने फेकली जाते. भिंतीवर आपटवतो तो हाच दुसरा झोला.

याला अपवाद दोन. समोर माणूस किंवा गाडी असेल आणि जागाच नसेल तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि स्टीअरिंग मोकळ्या जागेकडे न्या, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा) बाकीचं बघेल. गाडी पूर्ण फिरू लागली आणि सावरण्यापलीकडे गेली तरी ब्रेक घट्ट दाबून धरून ठेवा, म्हणजे ती निदान एका अंदाज बांधता येईल अशा रेषेत थांबेल.

हे वाचून येत नाही, सराव लागतो. पण रात्री दोनला वरळी सी-फेसवर नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर बेफिकिरीने चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे आणि तिथे फिरायला येणाऱ्यांनी तुमचं काही वाकडं केलेलं नाही. परवानगी असलेलं मोकळं आवार मिळालं तर ओल्या जमिनीवर ताशी ३०-४० च्या वेगात, यंत्रणा चालू ठेवून, पूर्ण ब्रेक लावून एबीएसचा पायाखालचा थरार एकदा अनुभवा. पुष्कळ जण पहिल्यांदा तो जाणवल्यावर दचकून पाय सोडतात. कंपन्यांचे ड्रायव्हिंग ट्रेनिंगचे दिवस निघतात तेव्हा नाव नोंदवा. खरं शेपूट सुटण्याचा सराव मात्र ट्रॅकवरच, प्रशिक्षकाबरोबर. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक त्यासाठी आहेत. जाण्याआधी विमा कंपनीला विचारा. बहुतेक साध्या पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान भरून देत नाहीत.

हवा, टायर, अलाइनमेंट, बुश सगळं झालं, पाय शांत झाला, आणि तरीही गाडी कोरड्या सरळ रस्त्यावर मागून हलतेच आहे, तर लिफ्टवर चढवून मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन बसवलेली चौकट), त्याचे माउंटिंग आणि चासीवर वेल्डिंगच्या खुणा तपासा. मागच्या चाकांपासून पुढच्या चाकांपर्यंतचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला सारखं आहे का ते मोजा. त्यात फरक निघाला तर गाडी आधी कुठेतरी जोरात आपटलेली आहे. मग दुरुस्तीचा खर्च लेखी मागा आणि तो कागद घेऊनच विकणाऱ्याशी बोलायला जा.